वरचं काही दिलंत का

नवरात्र संपलं की आमच्या नाहूरच्या घरात खिडक्यांवरून वाद सुरू होतात. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो. दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी सगळी धग घरात सोडतात. खिडकी उघडली तर वारा येतो, पण वाऱ्याबरोबर कांजूरच्या डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वासही येतो. लावून घेतली तर घामाने जीव नकोसा होतो. मग कुणीतरी नाक वर करून विचारतं, "कसला गं वास येतोय?" आणि घरातला प्रत्येक जण आपापला तपास सुरू करतो. एक जण मोरीत डोकावतो, दुसरा कचऱ्याचा डबा उघडून बघतो, तिसरा बाळाचा लंगोट. वास बाहेरचा आहे यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. आधी घरातल्यांवरच संशय येतो.

यंदा घरात पुन्हा बाळ आहे. माझी धाकटी जाऊ स्नेहल बाळंतपण आटोपून चारकोपच्या माहेराहून परत आली आहे आणि तिची आई थोडे दिवस सोबतीला राहिली आहे. बाळ गोरंगोमटं, डोक्यावर जावळ दाट, हसलं की हिरड्या दिसतात. मी त्याला उचललं की स्नेहल हातातलं काम थांबवते. माझ्या हातांकडे बघत राहते. मी हात धुतले होते का, कुठून आले, नखं केवढी आहेत, हे सगळं ती एका नजरेत पाहून घेते. मग उगाच म्हणते, "ताई, द्या इकडे, त्याची वेळ झाली." वेळ झालेली नसते. मला ठाऊक असतं. तिलाही ठाऊक असतं की मला ठाऊक आहे.

मला तिचा राग येत नाही. माझी अन्वी तान्ही होती तो ऑक्टोबर मी अशाच नजरेने काढला आहे.

मुलुंडला औषधं भरणाऱ्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटीला आहे. बाटल्या, झाकणं, सील, लेबलं तपासायची. आमच्याकडे पहिल्या दिवशीच शिकवतात की शंका आली तर माल होल्डवर टाकायचा. कोण काय म्हणतंय, सुपरवायझर किती वर्षं काम करतोय, हे बघायचं नाही. तपासून झालं आणि ठीक निघालं तरच माल पुढे जातो. म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. हे काम मला मिळालं ते बी.एस्सी.मुळे, आणि बी.एस्सी. झाले ती आईमुळे. आमच्या म्हसवडकडच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच होता आणि आम्ही त्याच्यासमोर रांग लावायचो. माझी पाळी आली तेव्हा डबक्यातल्या पाण्याच्या थेंबात काहीतरी वळवळताना दिसलं. त्या दिवसापासून स्वच्छ दिसणाऱ्या कुठल्याही पाण्यावर माझा पुरता विश्वास राहिला नाही. हे शिकवणाऱ्या सरांचे उपकार मी आजही मानते. पण बाळंतिणीच्या खोलीत त्या ज्ञानाने झोप उडाली, हेही तितकंच खरं.

अन्वीच्या वेळी मी माहेरी गेले नव्हते. तिथून मोठा दवाखाना लांब, म्हणून आईच इकडे येऊन राहिली. घरात दोन आज्या झाल्या. सासूबाई देवगडच्या. मुंबईत येऊन त्यांचा जन्म गेला, पण चिडल्या किंवा मायेत आल्या की मालवणीत बोलतात. माझी आई त्यांच्याशी बोलताना आधी थोडी बिचकायची, नंतर दोघी कांदे चिरताना तासन्‌तास बोलू लागल्या. मला तेही संशयास्पद वाटायचं. मी आत गेले की दोघी गप्प व्हायच्या.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीही नाही. घुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही. समजलं?" मी मान डोलावली. सासूबाईंनी मान डोलावली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पाणीसुद्धा नाय? ह्या गरम्यात? तहान लागत नसतली पोराक?"

दूध हा मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. बाटलीला रेघा असतात, आईच्या अंगाला नसतात. बाळ किती प्यायलं हे कुणालाच दिसत नाही, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. अन्वी रडली की दूध पुरत नाही. झोपली की दुधात दम नाही, पोर मलूल पडते. ओकली की दूध जड आहे. पिवळी, पातळ शी केली की दूध बाधलं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तशीच असते, दिवसातून कितीदाही होते, हे मी वाचलेलं होतं. तरी प्रत्येक लंगोट मी खिडकीपाशी नेऊन उजेडात उलगडायचे. माझ्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. "काल काय खाल्लंस गो? वांगा खाल्लंस मा?" वांग्याचं नावही माझ्या तोंडाला लागलेलं नसायचं, तरी मी आठवू लागायचे. मला सर्दी झाली तेव्हा सासूबाईंनी अन्वीला माझ्याजवळून उचलून नेलं. "तुझी सर्दी दुधातून जातली तिका." डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "उलट पाजा. मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. तुमच्या शरीराने सर्दीशी लढायला जे तयार केलंय, ते दुधातून तिला मिळतंय." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तरी सासूबाईंचा चेहरा म्हणत होता की डॉक्टरांना बोलायला काय जातंय.

मग अन्वीच्या जिभेवर पांढरं आलं. सायीसारखं, पण पुसून निघेना. पुसायला गेलं की खाली लालबुंद. ती छातीशी आली की दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवून रडायची. मलाही पाजताना सुई टोचल्यासारखं व्हायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दुधावर आणखी एक आरोप.

सासूबाई म्हणाल्या, "मधात टाकणखार घालून जिभेक लावूचो. दोन दिवसात साफ."

"नको," मी म्हटलं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात जाता कामा नये हे मला ठाऊक होतं.

"माझ्या दोनय पोरांक लावलंय."

"अहो आई, नको म्हटलं ना," मी सासूबाईंना म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबरोबर सांगितलं, बुरशी आहे. तिच्या तोंडातून तुम्हाला, तुमच्याकडून परत तिला. दोघींनी एकदम औषध घ्यायचं, एकीने घेतलं तर उपयोग नाही. औषध दोघींनी घेतलं आणि दोघी बऱ्या झालो. पण माझ्या डोक्यात टाकणखार राहिला. घरात मध आहे, टाकणखार आहे, घुटीचा डबा आहे, आणि मी रोज आंघोळीला जाते. आंघोळीच्या वेळात काय काय होऊ शकतं याचा विचार मी अंगावर पाणी ओतताना करायचे. केस धुवायचे मी सोडूनच दिले.

बाहेर आले की आधी अन्वीचं तोंड हुंगायचे. दूध प्यायलेल्या बाळाच्या तोंडाला एक गोडसर आंबूस वास असतो, तो मला पाठ होता. एका दुपारी त्यात वेगळं काही आलं. उग्र, मातकट. वेखंड. मी पुन्हा हुंगलं तर नाही. खिडकी उघडी होती, बाहेरून डम्पिंगचा वास भरून येत होता, त्यात माझ्या नाकाचा भरवसा किती धरायचा? नवऱ्याला, महेशला बोलावलं. "तू वास घे." त्याने वास घेतला आणि म्हणाला, "बाळाचा येतोय."

"वेखंडाचा येतोय का?"

"वैशाली, मला वेखंड कसं दिसतं तेपण माहीत नाही, यार."

घुटीचा डबा सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली होता. बारशाला कुणीतरी दिलेला, आत कप्पे, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड. मी डब्याच्या झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला. कारखान्यात सील लावतात तसा, डोळ्यांना न दिसणारा पण उघडलं की फाटणारा. रोज सासूबाई देवळात गेल्या की बघायचे. पट्टी शाबूत. वास मात्र मधूनमधून यायचाच. मग मला वाटू लागलं की सासूबाईंनी दुसरा डबा आणला असेल. पुरावा मिळत नव्हता, म्हणून मी आणखी बारकाईने बघू लागले.

दिवाळीच्या तोंडावर अन्वीला जुलाब लागले. ह्या वेळी शंका नव्हती. पाण्यासारखे, आंबट घाण वासाचे, एकापाठोपाठ एक. अंगात ताप. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, आणि टाळूवर बोट ठेवलं तर तिथे खळगा लागला. रडत होती पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासतानाच विचारलं, "वरचं काही दिलंत का?"

"नाही," मी म्हटलं.

"घरात कुणी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "मी नाय दिलंय." त्या 'मी'वर जोर होता, पण तो जोर तेव्हा मला ऐकू आला नाही. मला फक्त खाली गेलेली मान दिसली. खोटं बोलणाऱ्या माणसाची मान अशीच खाली जाते असं मी ठरवून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी ओआरएसच्या पावडरीचं पाणी चमच्याने द्यायला सांगितलं, औषध दिलं, काय दिसलं तर ताबडतोब उचलून आणायचं तेही सांगितलं. आणि बजावलं, "दूध बंद करायचं नाही. थोडं थोडं, सारखं पाजत राहा. आत्ता तिला त्याचीच गरज आहे."

घरी येऊन बसले, पदर घेतला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आज नको पाजू. तेच दूध बाधला असतला. पेजेची निवळ दी."

मी माझ्या आईकडे पाहिलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. आई म्हणाली, "त्येंचं बी खरं हाय वैशे. आजच्या दिस नगं पाजूस."

मांडीवर अन्वी, तिचे पापडासारखे सुकलेले ओठ, आणि समोर दोन बायका. दोघींनी मुलं वाढवलेली. एकीने तर मलाच वाढवलेलं. पहिल्यांदाच मला वाटून गेलं की ह्या दोघींचं खरं असेल तर? माझ्याच अंगात काही दोष असेल तर? मी ज्याच्यावर पहारा करते आहे ते विष मीच तर पाजत नाही ना? इतके दिवस मी सगळ्यांना होल्डवर टाकलं होतं, त्या वेळी स्वतःलाच टाकलं. पण माल तपासायला तिथे कुठली प्रयोगशाळा? मांडीवरचं पोर आणि डॉक्टरीणबाईंचा एका वाक्याचा सल्ला, एवढंच हाताशी होतं.

मी भिंतीकडे तोंड करून पाजलं. अन्वीने आधी धरलंच नाही, मग धरलं, सुटली, पुन्हा धरलं. मध्ये चमच्याने पाणी, मग पुन्हा दूध. संध्याकाळ उलटली तशी तिला लघवी झाली. एरवी ओलं झालेलं दुपटं बघून कुणी रडेल का? मी रडले. सासूबाईंनी ते दुपटं माझ्या हातातून घेतलं आणि धुवायला घेऊन गेल्या.

ती पूर्ण बरी झाली आणि दिवाळीचा फराळ शिळा व्हायला लागला, तेव्हाची गोष्ट. भर दुपारी मी आंघोळीला गेले आणि साबण विसरले म्हणून तशीच बाहेर आले. स्वयंपाकघरात आई मांडी घालून बसली होती. स्टीलचं ताट उपडं घालून त्याच्या पाठीवर नळाचं पाणी शिंपडत काहीतरी उगाळत होती. शेजारी रुमालाची सुटलेली गाठ, त्यात वेखंडाचा काळपट तुकडा. मांडीवर अन्वी, मिटक्या मारत.

"आई."

तिने दचकायला हवं होतं. ती दचकली नाही. "आगं, बोटभर चाटण हाय नुसतं. तुझ्या आज्जीच्या हातचं येखंड हाय हे, गावावरनं आणलंय."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? ती मरता मरता वाचली, आई."

"त्यानं न्हाय झालं ते. तुला बी ह्याच्यावरच वाढवलीया. बी.एस्सी. झालीस न्हवं? कुठं काय कमी पडलं?"

जिने खिचडीच्या धुरात डोळे लाल करून मला कॉलेजात पाठवलं, तिला मी कॉलेजात शिकलेलं काय सांगू? मी अन्वीला उचलून घेतलं. मागे वळले तर दारात सासूबाई उभ्या होत्या.

"माका म्हायत होता," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझी आवस ती. मी सांगलंय असतंय तर तुका खरा वाटला असता?"

खरं वाटलं नसतं. मला वाटलं असतं की आपलं ढकलायला माझ्या आईचं नाव पुढे करतायत. घरात वेखंड दिलं जातंय हा माझा संशय शंभर टक्के खरा होता, फक्त त्याचा पत्ता चुकला होता. आणि पत्ता इतका घट्ट चिकटवला होता की ज्या बाईला सगळं दिसत होतं तिला माझ्याशी बोलायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना मी नंतर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, न उकळलेलं पाणी, उगाळलेली मुळी, जुलाब होऊ शकतात. पण त्यानेच झाले असं छातीठोक सांगता येणार नाही, लहान बाळाला कुणाच्याही हातून काहीही लागू शकतं. म्हणजे तेव्हा खरं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. आईने नंतर दिलं नाही. दिलं असेल तर मला कळलं नाही, हेही मी लिहून टाकते. तिच्याबद्दलची माया तसूभर कमी झाली नाही, आणि तिच्या हातात अन्वीला देताना मी रुमाल तपासायचंही सोडलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात हे मला त्या ऑक्टोबरात समजलं.

आता हा ऑक्टोबर. स्नेहलच्या बाळाचं नाक वाहतंय, त्यामुळे तिची नजर आणखी तीक्ष्ण झाली आहे. अन्वी शाळेतून आली की तिला दारातच थांबवून हात धुवायला पाठवते आणि बाळाची पापी घेऊ देत नाही. अन्वी फुरंगटते. "मी काय घाण आहे का, मम्मा?" मी म्हणते, "नाहीस गं, पण स्नेहलकाकूला खात्री करून घेऊ दे."

आणि काल सकाळी स्नेहल आत अळिवाची खीर घेत होती तेव्हा मी हॉलमध्ये आले. तिच्या आईच्या, ज्यांना मी काकू म्हणते त्यांच्या मांडीवर बाळ होतं. बाजूला मधाची बाटली, झाकण उघडं, आणि काकूंचं बोट बाळाच्या ओठांपर्यंत गेलेलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून फार वाईट आजार होऊ शकतो, हे डॉक्टरांनी स्नेहललाही बजावलेलं. पलंगावर सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडेही बघितलं आणि नजर माळेवर नेली. म्हणजे आता पाळी माझी होती.

नंतर हळूच स्नेहलच्या कानात सांगावं असं एकदा मनात आलं. पण आईबद्दल कानात सांगितलेलं तिला खरं वाटणार नाही, मलाही वाटलं नसतं. मी मोठ्यानेच म्हटलं, "काकू, मध नको."

काकूंचं बोट थांबलं. "अहो, टोकाला लावतेय नुसतं. जिभेला मध लागला की वाणी गोड होते. आणि खोकल्यालापण चांगला."

स्नेहल वाटी घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"काकू त्याला मध देत होत्या," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलंच नाही. "ताई, माझी आई मला न विचारता काही करणार नाही. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"झाला असेल तर बरंच आहे. तूच विचार त्यांना. इथेच, माझ्यासमोर."

काकूंनी बोट पदराला पुसलं. बाटलीचं झाकण लावलं. स्नेहलने बाळाला उचललं, त्याच्या ओठांवरून ओला कपडा फिरवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काकू तिच्या मागे गेल्या. आतून दबक्या आवाजातलं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "आता तू वायट झालंस." मी म्हटलं, "होऊ दे."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. स्नेहलचे डोळे लाल होते, खांद्यावर टॉवेल. तिने बाळाला हॉलमध्ये दुपट्यावर ठेवलं.

"मी आंघोळीला जातेय," ती म्हणाली. "केस धुणार आहे, वेळ लागेल. ताई, तुम्ही ह्या बाजूला बसा. आई, तू त्या बाजूला बस. मी येईपर्यंत दोघींपैकी कुणीच उठायचं नाही."

ती गेली. बाथरूममधून पाण्याचा आवाज यायला लागला. बाळ मध्ये पडून पाय झाडत होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, मी काकूंकडे. थोड्या वेळाने त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "डास बसलाय त्याच्या पायावर. मारू का?"

मी वाकून नीट पाहिलं. खरंच डास होता. मी म्हटलं, "मारा."